गाडीचं जू

सदाशिवरावांकडे लग्नात सांगायची एकच गोष्ट होती, पण ती पक्की होती.

किराणा दुकानाच्या पहिल्या कमाईतून त्यांनी घरी रेडिओ आणला, तेव्हा धाकटा भाऊ योगेंद्र चौथीत होता. आत गाणारी माणसं बसतात तरी कुठं, हे पाहायला त्यानं एका दुपारी तो रेडिओ खोलला आणि घरचे शेतातून यायच्या आत पुन्हा बंदही केला. बंद केल्यावर सात स्क्रू उरले. ते त्यानं पिठाच्या डब्यात लपवले. अनुसयाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या, त्यांना ते कणीक मळताना एकेक करून सापडले. रेडिओ पुढेही चालला, पण पाठीत धपाटा घातल्याशिवाय बोलत नसे.

ही गोष्ट सदाशिवराव प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत. वरण-भात वाढून झाला आणि बुंदी यायला वेळ असला, की कोणी तरी म्हणे, "सदाशिवभाऊ, होऊ द्या रेडिओ." मग ते हातातला घास खाली ठेवत. योगेंद्र इंजिनियर झाला, पुण्याला मोठ्या हुद्द्यावर गेला, पण देवळीपासून वडनेरपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत तो राहिला सात स्क्रूवालाच. त्याच्या स्वतःच्या लग्नात तर ही गोष्ट माईकवरून सांगितली गेली. नवरीकडचे लोक हसले आणि नवरदेवही हसला, कारण नवरदेवाला दुसरं काही करता येत नाही.

हे आधी सांगितलं नाही तर पुढे सदाशिवरावांनी जे केलं ते काऊन केलं, हे कोणाला समजणार नाही.

दोन हजार आठ साली योगेंद्रला कंपनीनं मस्कतला पाठवलं. जाताना तो आपली गाडी देवळीला मोठ्या भावाकडे ठेवून गेला. गाडी पांढरी, लांबोळकी आणि अंगणात मावेल एवढीच होती. अंगण रिकामंच होतं. मुलगा नीलेश दुकानात रमला होता, त्याला शेती नको होती, म्हणून वावर ठेक्यानं दिलं होतं आणि बांड्या-मोऱ्या ही बैलजोडी उन्हाळ्यातच नत्थूला विकली होती. नत्थू गावाच्या शिवेवर वांगी-टमाटे पिकवणारा माणूस. बैल चांगल्या घरी पडले असं सगळे म्हणाले. गोठ्याची गव्हाण तशीच होती. तिच्यापुढं गाडी उभी राहिली.

गाडीत पुढच्या बाजूला एक यंत्र होतं. त्यात रेडिओ होता, गाणी होती आणि रस्ता सांगणारी एक बाई होती. एक चपटी गोल तबकडी त्याच्या फटीत धरली की यंत्र ती स्वतःच आत ओढून घेई. मग काचेवर नकाशा दिसे आणि ती बाई शुद्ध हिंदीत बोलू लागे. देवळीच्या गल्ल्या तिला ठाऊक नव्हत्या. गावात शिरलं की काचेवरची गाडी कोऱ्या कागदावरच्या मुंगीसारखी दिसे आणि बाई गप्प बसे. पण वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की तिला कंठ फुटे.

योगेंद्रनं जाताना सांगितलं होतं, "दादा, गाडी अधूनमधून चालवजा. त्या मशीनले मात्र कोनाचा हात लागू देऊ नका. अन् कधी तिनं नंबर मांगितला, तर नंबर असा ठेवला आहे, की तुमी जन्मात विसरनार नाई."

सदाशिवराव म्हणाले, "हो हो." कोणता नंबर, हे त्यांनी विचारलं नाही. मोठ्या भावानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

अनुसयाबाई त्या गाडीत पहिल्यांदा बसल्या त्या वडनेरच्या एका बारशाला जायला. रस्ताभर त्या बाईचं बोलणं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "कृपया" हा शब्द तिनं किती वेळा उच्चारला, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. घरात त्यांच्याशी एवढ्या अदबीनं कोणी बोलत नसे. परत येताना त्यांनी नीलेशला विचारलं, "ते जेवते कवा?"

नीलेश हसला. सदाशिवराव हसले. अनुसयाबाई हसल्या नाहीत.

मग पोळा आला.

बैल विकल्यानंतरचा हा पहिला पोळा. अनुसयाबाईंनी पस्तीस वर्षं बैलांची खांदशेकणी केली होती. पळसाच्या पानानं खांद्याला हळद-तूप चोळायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलांच्या कानात सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवायची. यंदा कोणाला आवतण द्यायचं, हा प्रश्न घरात कोणी बोलून दाखवला नाही. पण खांदशेकणीच्या संध्याकाळी सदाशिवराव दुकानातून आले, तेव्हा गाडीच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना हळद-तुपाचे पट्टे होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

सदाशिवरावांच्या मनातही एक गोष्ट होती. त्यांच्या घरी पोळ्याला कोणाच्याच मानेवर जू ठेवत नसत. त्या दिवशी विहिरीचा पंप बंद असे, दुकानाचा तराजूसुद्धा आडवा करून ठेवलेला असे. आता बैल नाहीत म्हणून हा शिरस्ता मोडावा काय? सकाळी त्यांनी गाडी मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणली, अंगणात लावली, हार घातला आणि चावी तशीच ठेवून, रेडिओ चालू ठेवून, ते आंघोळीला गेले. जेवणं झाल्यावर त्यांनी पान्हा घेतला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार सोडून ठेवली. गाडीचं जू उतरलं. त्यांना फार समाधान वाटलं. त्या दुपारी ते गाढ झोपले. गाडीही झोपली.

दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल घेऊन बोजाऱ्याच्या पैशांसाठी दारोदार फिरत होती, तेव्हा त्यांनी तार पुन्हा लावली. गाडी सुरू झाली. यंत्राची काच उजळली. तिच्यावर चार चौकटी होत्या, रिकाम्या.

यंत्र नंबर मागत होतं.

सदाशिवरावांनी आधी दुकानाच्या टेलिफोनचे शेवटचे चार आकडे दाबले. नाही. मग वावराचा गट नंबर, पुढं शून्य लावून. नाही. मग स्वतःच्या लग्नाचं साल. ते आठवायला थोडा वेळ लागला, ही गोष्ट त्यांनी अनुसयाबाईंना कधी सांगितली नाही. तेही नाही. यंत्रानं काहीतरी लाल अक्षरं दाखवली आणि डोळे मिटले. नीलेशनं ती अक्षरं वाचून सांगितलं, की आता बराच वेळ ते कोणाचंच ऐकणार नाही. जाता जाता त्यानं नकाशाची तबकडी फटीत घालून पाहिली. ती अर्धी गेली आणि थांबली. आतून नुसता करकर आवाज आला, दाताखाली खडा आल्यासारखा.

आता खरं पाहता उपाय सोपा होता. मस्कतला फोन करायचा आणि नंबर विचारायचा. पण योगेंद्र पहिला प्रश्न काय विचारेल? नंबर काऊन मागितला तिनं? आणि मग सांगावं लागलं असतं, की मी खोललं होतं. ज्या माणसानं तीस वर्षांहून जास्त काळ सात स्क्रूंवर पंगती गाजवल्या, त्यानं भावाच्या रेडिओची तार सोडली आणि त्याची वाचा बसली. ही गोष्ट सोयऱ्यांत गेली असती, तर पुढच्या लग्नात बुंदीच्या आधी कोण बोललं असतं आणि कोण ऐकून घेत बसलं असतं, हे सदाशिवरावांना स्पष्ट दिसत होतं.

योगेंद्रचा फोन दर रविवारी घरी येई.

"दादा, गाडी कशी आहे?"

"मस्त."

"ते बोलते ना?"

"बोलते म्हन्जे? काल आमाले हिंगणघाटले नेऊन आनलं तिनं."

एवढं बोलून त्यांनी फोन अनुसयाबाईंकडे दिला. एरवी दिराशी तासभर बोलणाऱ्या अनुसयाबाई त्या दिवशी "भाऊजी, जेवनाचं पाहात जा, बाहेरचं कायबी खाऊ नका, पोटात अटकते" एवढंच बोलल्या आणि फोन ठेवून आत गेल्या. सदाशिवरावांच्या ते लक्षात आलं नाही. ज्याच्या मनात चोर असतो त्याला दुसऱ्याच्या मनातला दिसत नाही.

योगेंद्र दसऱ्याला लांब सुटीवर येणार होता. तोवर यंत्र बोलतं करायचं होतं, आणि तेही गावात बभ्रा न होता. म्हणून सदाशिवरावांनी हे फक्त शेजारच्या मोतीलालला सांगितलं. मोतीलालचं कापडाचं दुकान होतं, आणि कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक दिवसभर बसून असतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देवळीच्या बाजारात असा एकही माणूस उरला नाही, ज्याचं या विषयावर काही मत नव्हतं.

कोणी म्हणालं उंदरानं तार कुरतडली. कोणी म्हणालं पांढऱ्या गाडीला नजर लवकर लागते. मोतीलालचं मत असं होतं, की एका अंगात दोन आजार आहेत, एक डोक्याचा आणि एक पोटाचा. डोकं नंबर मागून राह्यलं अन् पोट तबकडी घेऊन नाई राह्यलं. हे ऐकून अनुसयाबाईंनी दाराआडून विचारलं, "पोटाचं असलं, तर तिले उलटी होईन असं काई देता येत नाई का?" मोतीलाल खूप हसला. हा विनोद त्यानं पुढं आठवडाभर आपला म्हणून सांगितला.

बसस्टँडजवळ हरिदासचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हरिदासनं गाडीत डोकं घालून बराच वेळ काढला, मग डोकं बाहेर काढून नेमकं विचारलं, "काका, बॅटरी काढली होती का?"

"नाई," सदाशिवराव म्हणाले.

"तार-बिर सोडली होती का कोनी?"

"कोन सोडन? मी काऊन सोडीन?"

इथं प्रकरण संपू शकलं असतं. पण घरंदाज माणसानं एकदा नाही म्हटलं, की कारागिरालाही दुसरं कारण शोधणं भाग पडतं. हरिदासनं शोधलं. तो म्हणाला, मग आत ओल गेली असन. त्यानं यंत्र ऊन दाखवून शेकलं, छतावरची एरियलची दांडी बदलली आणि एक लाल तार इकडची तिकडे जोडून पाहिली. त्यानंतर यंत्र बोललं नाहीच, पण डावीकडं वळायचा दिवा लावला की वायपर हलू लागला. उजवीकडं वळताना काही होत नसे. हॉर्न मात्र मेला. सदाशिवराव आता वळणावर खिडकीतून हात बाहेर काढून "बाजू व्हा" असं म्हणत, आणि आकाशात ढग नसताना त्यांचा वायपर काच पुसत असे. सोयाबीन काढणीचे दिवस होते, ऊन कडक होतं. लोक थांबून पाहत.

मग वर्धा. तिथं गाड्यांना गाणी-बिणी बसवून देणारं एक काचेचं दुकान होतं. आतल्या टाय घातलेल्या माणसानं सदाशिवरावांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, की हा नंबर असतोच चोरासाठी. चोरानं यंत्र काढून नेलं, तर त्याला ते वाजवता येऊ नये. तेव्हा नंबर उघडून हवा असेल, तर यंत्राचं बिल, मालकाचं पत्र, आणि हे यंत्र चोरीचं नाही असा ठाण्याचा दाखला आणावा लागेल.

"म्हन्जे मी चोर दिसतो काय?" सदाशिवरावांनी विचारलं.

तो माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, "चोर कधी दिसत नसते, काका."

बिल मस्कतला, मालक मस्कतला. राहिला दाखला. सदाशिवराव पांढरं धोतर, काळी टोपी आणि नीलेश अशा तयारीनं ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"चोरी झाल्याची तक्रार लिहून घेता येते," तो म्हणाला. "चोरी नाई झाल्याची कोनत्या कलमात बसवू?"

सदाशिवराव म्हणाले, की त्यांना तक्रार नाही, दाखला हवा आहे. हवालदार म्हणाला, तक्रारीशिवाय तपास नाही आणि तपासाशिवाय दाखला नाही. त्यानं एक वाटही सुचवली. आज यंत्र चोरीला गेलं म्हणून लिहून द्या, दोन दिवसांनी सापडलं म्हणून लिहून द्या, सापडल्याचा कागद आम्ही देऊ. सदाशिवरावांनी सांगितलं, की यंत्र बाहेर गाडीतच आहे. मग हवालदार गाडी पाहायला बाहेर आला. गाडीची कागदपत्रं त्यानं वाचली, मालकाचं नाव वाचलं, सदाशिवरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे योगेंद्र कोन?"

"माझा लहाना भाऊ."

"कुठं आहेत?"

"मस्कतले."

"त्याइले माहीत आहे का तुमी इथं आले म्हनून?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. ठाण्याच्या दारात गप्प राहणं बरं दिसत नाही. शेवटी ओळखीचा एक माणूस मध्ये पडला आणि त्यांना चहा पाजून घरी पाठवण्यात आलं. पण गाडी तिथं बराच वेळ उभी होती, आणि परत निघताना ती डावीकडं वळली, म्हणजे वायपर हलवतच वळली. संध्याकाळपर्यंत मोतीलालच्या दुकानात बातमी तयार होती, की सदाशिवभाऊंना भावाच्या गाडीच्या प्रकरणात बोलावलं होतं.

त्या रात्री सदाशिवराव जेवले नाहीत. अनुसयाबाईही जेवल्या नाहीत. ते समजून होते, की ही आपल्या अपमानामुळं जेवत नाही. त्यांना बायकोबद्दल इतकी माया कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

"तिले आता त्रास नका देऊ," अनुसयाबाई म्हणाल्या. "जे आहे ते भाऊजी आल्यावर सांगून टाकू."

"काय सांगून टाकू?" सदाशिवराव दचकून म्हणाले.

"काई नाई," म्हणून त्या भांडी घासायला गेल्या. जेवण झालेलं नव्हतं, तरी त्यांनी भांडी घासली.

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा मोतीलालनं शेवटचा उपाय सांगितला. त्याच्या मेहुण्याच्या मेहुण्याचा अनुभव होता, की असं यंत्र रात्रभर चालू ठेवलं की नंबर मागून मागून थकतं आणि सकाळी मुकाट्यानं सुरू होतं. सदाशिवरावांनी चावी फिरवून ठेवली. काचेवर चार चौकटी चमकत होत्या. सकाळी पाहिलं तर यंत्र खरंच थकलं होतं. गाडीही थकली होती. चावी फिरवली तर आतून एक उसासा आला, तेवढाच.

आणि त्याच दिवशी दुपारी योगेंद्र येणार होता.

सदाशिवरावांनी हिशेब केला. गाडी लोटत हरिदासकडे न्यायची, बॅटरी भरून घ्यायची आणि यंत्र काढून हरिदासकडेच ठेवून द्यायचं. योगेंद्रला सांगायचं, साफ करायला दिलं आहे. दसऱ्याला सगळंच साफ करतात. बाजाराचा दिवस होता. नीलेश, मोतीलाल आणि दोन हमाल लावून गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आली, तिथं थोडा चढ लागला आणि हमालांना आपापली कामं आठवली.

तेवढ्यात भाजीपाला उतरवून रिकामी बंडी घेऊन नत्थू समोरून आला. बंडीला बांड्या-मोऱ्या होते.

नत्थूनं एकदा गाडीकडं पाहिलं. त्यानं बंडी बाजूला सोडली, दोर काढला, गाडीच्या पुढच्या आकड्याला बांधला आणि जू बैलांच्या खांद्यावर ठेवलं. सदाशिवराव म्हणाले, "अरे, राहू दे, बरं नाई दिसत." नत्थू म्हणाला, "तुमचेच तर बैल होय. तुमी फक्त सुकानू धरा."

असे सदाशिवराव आपल्याच विकलेल्या बैलांच्या मागे, भावाच्या गाडीत, स्टिअरिंग धरून बसले आणि देवळीच्या भरबाजारातून निघाले. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. कोणी तरी पोळ्यातल्या झडतीच्या गाण्याच्या चालीवर काहीतरी जुळवून म्हणू लागलं. सदाशिवरावांनी मान ताठ ठेवली आणि समोर पाहत राहिले. समोर मोऱ्याची शेपटी होती.

बसस्टँड सरळ होता. त्याच्या आधी डावीकडं सदाशिवरावांच्या घराकडं परत नेणारी दुसरी गल्ली फुटत होती. नत्थू पुढं चालला होता, सरळ. बैलांनी मात्र गल्लीच्या तोंडाशी कान हलवले आणि कोणाला न विचारता डावीकडं वळले. नत्थू "अरे, हो हो" करत मागं धावला. सदाशिवरावांनी सुकानू उजवीकडं फिरवून पाहिलं, पण दोरापुढं सुकानूचं काय चालतं. ज्या गल्ल्यांत आतली बाई मुकी होत असे, त्या गल्ल्या बांड्या-मोऱ्याला पाठ होत्या. दुसरं वळण, लिंबाचं झाड, मग उघडं फाटक. ते अंगणात शिरले, गव्हाणीपुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी माना खाली घातल्या.

ओट्यावर योगेंद्र बसला होता. दुपारच्या एस.टी.ला उशीर होईल म्हणून तो आधीच्या एस.टी.नं आला होता. त्याच्या हातात चहाची बशी होती आणि ती तो तोंडाला लावायची विसरला होता.

"दादा," तो म्हणाला, "डिझेल महाग झालं, हे आलं होतं माझ्या कानावर."

सदाशिवराव गाडीतून उतरले. मोतीलाल आला होता, नीलेश आला होता, फाटकाशी अर्धा बाजार आला होता. आता काही झाकण्यासारखं उरलं नव्हतं. ते म्हणाले, "मी तार सोडली होती. पोळ्याले. सगळ्याइचं जू उतरवते, तर हिचंबी उतरवलं."

फाटकाशी कोणी तरी हसू लागलं. सदाशिवराव वाट पाहत उभे राहिले. सात स्क्रू त्यांच्याकडे परत यायची वेळ झाली होती.

योगेंद्रनं बशी खाली ठेवली. "मग नंबर काऊन नाई टाकला?"

"कोनता नंबर?"

"मी म्हनलं होतं ना, तुमी जन्मात विसरनार नाई. तीन शून्य अन् सात."

सदाशिवरावांना समजलं नाही.

"सात स्क्रू, दादा," योगेंद्र म्हणाला. "मले वाटलं, दुसरं काई विसरान, पन हे तं तुमी मरेपर्यंत सांगान."

मोतीलाल घरून आपल्या मेटाडोरची बॅटरी घेऊन आला. ती जोडली, चावी फिरवली, चार चौकटी उजळल्या. योगेंद्रनं तीन वेळा शून्य आणि एकदा सात दाबलं. रेडिओ लागला. नागपूर केंद्रावर कापसाचे भाव सांगत होते आणि अंगणात सगळे ते भाव असे कान देऊन ऐकत होते, जसा काही प्रत्येकाच्या घरी बंडीभर कापूस पडून होता.

मग योगेंद्रनं नकाशाची तबकडी घेतली. फटीपाशी धरली. आत करकर झालं. त्यानं एक बटण दाबून धरलं. करकर वाढली, यंत्रानं जोर लावला, थांबलं, पुन्हा जोर लावला, आणि फटीतून एक गोल, काळपट, पत्र्यासारखं कडक काहीतरी हळूहळू बाहेर आलं. दोन लाल मुंग्याही आल्या.

योगेंद्रनं ते हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला.

मग ओट्यावरून अनुसयाबाई बोलल्या.

"मी नाई ढकलली," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडापाशी नुसती धरली. तिनं सोताच ओढून घेतली."

मग सगळं बाहेर आलं. पोळ्याच्या सकाळी सदाशिवराव आंघोळीला गेले होते, रेडिओ चालू होता. दुपारी हे जू उतरवणार आणि गाडी झोपणार हे नवऱ्यानं सकाळीच काढून ठेवलेला पान्हा पाहून त्यांनी ओळखलं होतं, आणि झोपलेल्याला भरवता येत नाही. तबकडी किती पातळ असते ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्या मापाची एक पोळी मांड्यासारखी पातळ लाटली होती, पुरण नावाला. रोज मुकाट्यानं चकती खाणारं तोंड, त्यात सणाची एक पोळी काय जड होणार होती?

"दीड महिना मले घास नाई गेला," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माझ्यानं मेली ते. पन घरात बोलता जीव, अन् पोळ्याले त्याले उपाशी ठेवावं? पस्तीस वर्सांत या अंगनातून कोनी उपाशी नाई गेलं."

सदाशिवराव बायकोकडे पाहत राहिले. दीड महिना दोघं एका छताखाली एकेक गुन्हा घेऊन झोपत होते आणि दोघांनाही वाटत होतं, की समोरचा आपल्यासाठी जागतो आहे.

योगेंद्र हसला नाही. त्यानं ती पोळी रुमालात बांधली आणि म्हणाला, "वहिनी, मस्कतले मले कोनी असं विचारत नाई." मग गव्हाणीकडं बोट केलं. "ते पाहुने उभे आहेत, त्याइचं पाहा आधी."

पोळा केव्हाच होऊन गेला होता, पुरण नव्हतं. अनुसयाबाईंनी भाकर आणि गुळाचा खडा आणला आणि बांड्या-मोऱ्यांना हातानं भरवला. नत्थू फाटकाशी उभा राहून वाट पाहत होता. त्याला घाई होती.

तुळशीची लग्नं लागली आणि त्याच आठवड्यात वडनेरला एक लग्न आलं. योगेंद्रची सुटी संपायची होती, म्हणून सगळे त्याच गाडीतून गेले. वायपर अजून डावीकडंच हलत होता, पण बाई व्यवस्थित बोलत होती. पंगत बसली. वरण-भात वाढून झाला, बुंदी यायला वेळ होता. वरच्या बाजूनं नेहमीसारखा आवाज आला, "सदाशिवभाऊ, होऊ द्या रेडिओ."

सदाशिवरावांनी हातातला घास खाली ठेवला. शेजारी योगेंद्र मान खाली घालून लोणचं चाखत होता. समोरच्या बायकांच्या पंगतीत अनुसयाबाईंनी पदर नीट केला आणि दुसरीकडं पाहू लागल्या.

सदाशिवरावांनी आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"कोनत्या रेडिओची सांगू?" त्यांनी विचारलं.